नाशिकची वाइन : उद्योग वाढला, द्राक्ष पिकविणाऱ्याचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात वाइन हा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल आणि काहींना वाईटही वाटेल. ज्या परंपरेतील एक पिढी दारूच्या दुकानांवर पिकेटिंग करीत तुरुंगात गेली, त्या परंपरेने आता बाटल्यांचा हिशेब मांडीत बसावे काय, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो बाटलीचा नव्हे. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि शेतकऱ्याच्या नावाने एका उद्योगाला अबकारी कराची पूर्ण माफी दिली. ती माफी पुढे वाढविण्यात आली. २००९ पासून वाइनवरील वीस टक्के मूल्यवर्धित करापैकी सोळा टक्के रक्कम उत्पादकाला परत देण्याची योजना आली. ती मध्यंतरी थांबली आणि २०२३ च्या अखेरीस पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ सार्वजनिक तिजोरीने आपला हक्काचा महसूल सोडून दिला. ज्याच्या नावाने तो सोडला, त्याच्या पदरात काय पडले हे विचारणे हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक प्रश्न आहे, आणि तो विचारण्यासाठी वाइन प्यावी लागत नाही.

नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आले ते वाइनसाठी नव्हे. ओझरच्या परिसरात १९२५ च्या सुमारास व्यापारी द्राक्षशेतीला प्रारंभ झाला, आणि पुढे निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत बागा पसरल्या. हे सारे द्राक्ष खाण्याचे. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश, सोनाका यांसारखी वाणे ही शेतकऱ्यांच्याच निरीक्षणाची आणि मेहनतीची फळे होत. युरोपात वेल हिवाळ्यात विश्रांती घेते. आपल्याकडे तिला विश्रांती नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधील खरडछाटणी काडी तयार करण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी फळासाठी. दोन छाटण्या आणि पीक मात्र एकच. या काळात भुरी आणि डावणी यांच्या भीतीने होणाऱ्या फवारण्या, मजुरी, लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव, ठिबकाच्या नळ्या, हा सारा खर्च बँकेच्या नाहीतर खत-औषधाच्या दुकानदाराच्या उधारीवर उभा राहतो. फेब्रुवारीत एक गारपीट झाली की वर्ष संपले. १९९१ साली उभ्या राहिलेल्या महाग्रेप्सने सहकारी संस्थांच्या मार्फत निर्यातीची वाट दाखविली खरी. पण २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून युरोपने आपला माल अडविला तेव्हा त्या वाटेवरही काटे आहेत हे कळून आले.

अशा नाशवंत आणि भांडवलखाऊ पिकाला प्रक्रियेची जोड हवी, हे मूळ सूत्र बरोबर होते. सांगली-तासगावकडे बेदाण्याने ती जोड दिली. नाशिकला वाइनने द्यावी, असा विचार पुढे आला. त्यात गैर काही नव्हते.

या उद्योगाचा इतिहास थोडक्यात पाहू. १९८० च्या दशकात नारायणगाव येथे शॅटो इंडाज या कंपनीने फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन काढून परदेशी पाठविली. त्यानंतर पिंपळगाव बसवंत येथे बागाईतदारांनी 'पिंपेन' ही सहकारी संस्था उभारून, फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन हाच प्रयोग केला. तो टिकला नाही. आज या उद्योगाची माहिती देणाऱ्या चकचकीत पुस्तिकांत पिंपेनला क्वचितच जागा मिळते. पण नाशिकची वाइन एकेकाळी शेतकऱ्यांच्या मालकीची व्हायला निघाली होती, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. १९९७ मध्ये राजीव सामंत या परदेशातून शिकून परतलेल्या अभियंत्याने गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली सुला हे नाव बाजारात आले. पुढच्याच वर्षी शासनाचे धोरण आले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले गेले, परवाने सुलभ झाले, विक्रीकर उतरला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या वाइनरी सात-आठ वर्षांत पन्नासच्या पलीकडे गेल्या. पुढे इगतपुरीजवळ, दिंडोरीत, देशी तसेच विदेशी भांडवल आले. नाशिक व्हॅली वाइन या नावाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून मोटारी येऊ लागल्या, द्राक्षबागांच्या काठाने विश्रामगृहे निघाली, आणि गंगापूरच्या पाण्याकाठची जमीन शेतजमीन म्हणून नव्हे, तर देखावा म्हणून विकली जाऊ लागली.

वाढ झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. नाशिकच्या स्थानिक तरुणांना वाइनरीत, हॉटेलांत, वाहतुकीत, छपाईत काम मिळाले. बाटल्या, खोकी, पिंपे, शीतगृहे यांची मागणी वाढली. परंतु आर्थिक महत्त्व मोजावयाचे तर प्रमाण पाहिले पाहिजे. देशात वर्षाला साधारण दोन कोटी लिटर वाइन खपते, असे धरू. त्यातली सारी देशातच तयार झाली असे मानले आणि लिटरमागे दीड किलो द्राक्ष धरले, तरी तीस हजार टन द्राक्ष लागते. देशाचे द्राक्ष उत्पादन तीस लाख टनांच्या वर आहे. म्हणजे शंभर किलोंत एक किलो! दुसऱ्या बाजूने पाहिले तर एकशे चाळीस कोटींच्या देशात दरडोई वर्षाला सुमारे चौदा मिलिलिटर. औषधाच्या चमच्याने मोजले तर तीन चमचे. तेव्हा वाइनने द्राक्षउत्पादकाचा प्रश्न सुटला किंवा सुटेल, असे जेव्हा मंत्री किंवा उद्योगपती सांगतात, तेव्हा त्यांना ही साधी भागाकाराची बेरीज दाखवावी.

हा उद्योग लहान आहे, हा त्याचा दोष नव्हे. लहान उद्योगही न्याय्य असू शकतो. खरा दोष त्यातील सौद्याच्या रचनेत आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे.

खाण्याच्या द्राक्षाचा बागाईतदार कितीही अडचणीत असला तरी त्याच्याजवळ तीन दारे असतात. माल निर्यातदाराने नाकारला तर तो दिल्ली-कोलकात्याच्या व्यापाऱ्याला देतो; त्यानेही पाडून मागितला तर बेदाण्याच्या शेडकडे वळवितो. भाव पडतो, पण माल अगदीच अडून राहत नाही. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. शिराझ, काबर्ने, सोव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां ही वाणे बारीक मण्यांची, जाड सालीची, बियांची. त्यांचा घड बाजारात मांडला तर कोणी हात लावणार नाही. ती फक्त वाइनरीलाच विकता येतात, आणि तीही तोडणीनंतर काही तासांच्या आत. वेल लावल्यापासून पूर्ण पीक हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. एकदा ती लावली की शेतकऱ्याचे भांडवल त्या एकाच गिऱ्हाइकाच्या दारात अडकले. अर्थशास्त्रात ज्याला एकग्राहक बाजार म्हणतात तो हाच. करार दहा-दहा वर्षांचा असला तरी गोडीची डिग्री कोण मोजतो, घडात रोग आहे हे कोण ठरवितो, तोडणीची तारीख कोण देतो? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

२००८ साली याची परीक्षा झाली. जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. टाक्यांत आदल्या वर्षाची वाइन तशीच पडून असताना नव्या हंगामाचे द्राक्ष तयार झाले. अनेक वाइनरींनी माल उचलला नाही, काहींनी उचलून पैसे अडकविले. कर्जावर वाढलेली शॅटो इंडाज कोसळली आणि अखेर अवसायनात गेली. विंचूरच्या पार्कातील कित्येक लहान वाइनरींना, ज्यांत बागाईतदारांनी स्वतःची पुंजी घातलेली होती, टाळे लागले. तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा कुऱ्हाडीने तोडून टाकल्या. करमाफी उद्योगाला होती. मंदीचा धोका मात्र शेताच्या बांधावर उतरविला गेला. त्या पडझडीतून ज्या कंपन्या तरल्या, त्या अधिक बलवान झाल्या. आज एकट्या सुलाकडे देशी वाइनच्या बाजारपेठेचा मूल्याने निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा आहे.

२०२२ च्या डिसेंबरात या कंपनीचे समभाग जनतेला विक्रीस आले. सुमारे ९६० कोटी रुपयांची ही विक्री होती. तिचे वैशिष्ट्य असे की कंपनीने एकही नवा समभाग काढला नाही. होते तेच समभाग जुन्या धारकांनी विकले. म्हणजे त्या ९६० कोटींतील एक रुपयाही नव्या टाकीत, नव्या बागेत किंवा शेतकऱ्याच्या हातात गेला नाही. तो जुन्या भागधारकांच्या, त्यांतही परदेशी गुंतवणूकदारांच्या खिशात गेला. यात बेकायदा काहीच नाही. पण ज्या मूल्याची विक्री झाली ते मूल्य निर्माण होण्यात वीस वर्षांच्या करमाफीचा आणि दहा-दहा वर्षांच्या करारांनी बांधलेल्या बागांचा वाटा किती होता, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आणि बागाईतदाराला आहे. त्या व्यवहारात त्यांना कोणी बोलावले नव्हते.

याच्या शेजारी उसाची गोष्ट ठेवून पाहा. साखर कारखानदारीत आज जे काही सडले आहे त्यावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. तरीही उसाला केंद्राने ठरविलेला किमान भाव आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे गाळपास ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास व्याज आहे. हा कायदा मोडला जातो. पण मोडला जातो हे म्हणण्यासाठी तरी कायदा हातात आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखान्याची मालकीच ऊस पिकविणाऱ्याकडे दिली होती. वाइनच्या द्राक्षाला किमान भाव नाही, मुदत नाही, व्याज नाही, मालकीत वाटा नाही. आणि तरी दोहोंना 'शेतीप्रक्रिया उद्योग' हे एकच नाव आहे.

आता फ्रान्सकडे वळावे लागेल, कारण हा प्रश्न तिथे शंभर वर्षांपूर्वी रक्त सांडून सोडविला गेला. दक्षिण फ्रान्समधील लांग्दॉक हा वाइनचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. शेतकऱ्यांनी कर्ज काढून त्या पुन्हा लावल्या, आणि माल बाजारात येतो न येतो तोच भाव कोसळले. एकीकडे अल्जीरियातील वसाहतवाल्यांची वाइन येत होती, दुसरीकडे व्यापारी पाणी आणि उत्तरेतील बीटची साखर घालून बनावट वाइन विकीत होते. साखरसम्राटांचे तिथल्या संसदेत चांगलेच वजन होते. हे चित्र महाराष्ट्राला परके वाटू नये. १९०७ च्या वसंतात आर्जेलिए गावच्या मार्सलँ आल्बेर या साध्या माणसाने हाक दिली आणि दर रविवारी सभा वाढत गेल्या. ९ जूनला माँपेलिए येथे पाच लाखांहून अधिक माणसे जमली. नारबोनचा समाजवादी महापौर फेरूल याने राजीनामा दिला. पंतप्रधान क्लेमांसो यांनी लष्कर पाठविले. नारबोनमध्ये गोळीबारात माणसे मेली. पण बेझिएकडे निघालेली सतरावी पलटण, जिच्यातील शिपाई याच बागाईतदारांची मुले होती, तिने बंड केले. जूनच्या अखेरीस संसदेने भेसळीविरुद्ध कायदा केला आणि प्रत्येक उत्पादकाला पिकाची नोंद देणे बंधनकारक झाले.

गोळीबाराइतके नाट्यमय नसल्याने इतिहासात जे कमी सांगितले जाते ते असे. या उठावाच्या आधीच, १९०१ मध्ये, मारोसाँ नावाच्या खेड्यात लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपली वाइन पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना थेट विकण्यास आरंभ केला होता. मधला व्यापारी गेला. १९०५ मध्ये जाँ जोरेस यांनी त्या गावाला भेट दिली आणि आपल्या वृत्तपत्रातून त्याविषयी लिहिले. पुढच्या काही दशकांत त्या प्रदेशात अशा शेकडो सहकारी वाइनरी उभ्या राहिल्या. आता हेही सांगितले पाहिजे की सहकाराने तिथे नंदनवन झाले नाही. संस्थांनी प्रमाणावर भर दिला, गुणवत्तेकडे दुर्लक्ष केले; फ्रेंच माणूस वाइन कमी पिऊ लागला; आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपने अनुदान देऊन त्याच बागा उपटायला लावल्या. पण त्या उपटण्याचेही पैसे शेतकऱ्याला मिळाले. आपल्याकडे २००९ नंतर ज्यांनी बागा तोडल्या त्यांनी कुऱ्हाड स्वतःच्या खर्चाने आणली.

या चर्चेत एक माणूस अजून आलेला नाही. द्राक्षबागेत छाटणी करणारा, वांझ फुटी काढणारा, घडांची विरळणी करणारा मजूर बहुतांशी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांतील आदिवासी असतो. निम्म्याहून अधिक वेळा ती मजूर स्त्री असते. पहाटे नाक्यावर टोळी उभी राहते, मुकादम किंवा बागाईतदार पिकअप घेऊन येतो, आणि एकरावर उक्ते ठरते. वाइनच्या द्राक्षाला मणी फुगविण्यासाठी डिपिंग लागत नाही, विरळणीही फारशी नाही, फवारण्याही कमी. पाण्याची गरजही कमी, आणि गोदावरीच्या पाण्यासाठी नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात जो झगडा चालू आहे तो पाहता ही जमेची बाजू आहे. परंतु मजुरीच्या दृष्टीने पाहिले तर एकरी श्रमदिवसही कमी. 'वाइनमुळे ग्रामीण रोजगार वाढतो' या विधानाला म्हणून इतकी पुरवणी जोडावी लागते की हॉटेलात तो वाढतो, बागेत घटतो. आणि हॉटेलातील नोकरी सुरगाण्याच्या बाईला मिळत नाही.

त्याच सुरगाण्यात मोहाची झाडे आहेत. मोहाचे फूल हे आदिवासीचे अन्नही आहे आणि त्यापासून तो मद्यही काढीत आला आहे. इंग्रज सरकारने १८९२ साली खास मोहाच्या फुलांवर कायदा केला, कारण त्याला आपल्या गुत्त्यांचा महसूल राखावयाचा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीतीच्या नावाने तेच निर्बंध चालू ठेवले. फुले गोळा करणे, साठविणे आणि वाहून नेणे यांवरील बंधने उठायला २०२१ चा मे महिना उजाडावा लागला. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच कायद्याखाली, द्राक्षाचा रस आंबविणारा शासनाचे अनुदान घेतो आणि मोहाची फुले आंबविणारी म्हातारी पोलीस चौकीत बसते. मद्य वाईट असेल तर दोन्ही वाईट. प्रक्रिया उद्योग असेल तर दोन्ही प्रक्रियाच. यातील फरक आंबण्याच्या रसायनशास्त्रात सापडत नाही, तो वर्गात सापडतो.

२७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत कपाट ठेवून वाइन विकण्यास परवानगी देण्याचे ठरविले आणि मोठे वादळ उठले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षाने नीतीचा झेंडा उचलला, मंत्र्यांनी शेतकऱ्याचे नाव पुढे केले. जूनमध्ये सरकारच गेले आणि निर्णय अमलात आला नाही. या गदारोळात दोन्ही बाजूंनी मूळ प्रश्न टाळला. विरोधकांनी कधी विचारले नाही की उसाच्या मळीपासून होणाऱ्या, वाइनच्या कैक पटींनी खपणाऱ्या आणि गरिबाचे घर खऱ्या अर्थाने उद्ध्वस्त करणाऱ्या दारूविषयी त्यांचे म्हणणे काय आहे. त्या आसवन्या कोणाच्या आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. आणि समर्थकांनी हे सांगितले नाही की खप वाढला तर करारातील भाव वाढेल याची हमी कोणत्या कलमात आहे. घटनेचे सत्तेचाळीसावे कलम राज्याने मादक पेयांच्या बंदीसाठी झटावे असे सांगते. त्याचा आदर करायचा तर निदान मद्याच्या विक्रीवाढीसाठी करदात्याचा पैसा खर्च होता कामा नये. शेतकऱ्यासाठी तो खर्च होत असेल तर शेतकऱ्यापर्यंत तो पोचतो हे दिसले पाहिजे. शासनाने यांतील एक भूमिका निवडावी.

काळही थांबलेला नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. पाच डॉलरवरच्या बाटलीवरील दीडशे टक्के आयात शुल्क लगेच शंभरावर आले आणि दहा वर्षांत ते पन्नासावर येणार आहे. पंधरा डॉलरवरच्या बाटलीवर पंचाहत्तर आणि अखेर पंचवीस. युरोपचीही मागणी हीच राहिली आहे. स्पर्धा वाढली की कंपन्या खर्च कमी करतील, आणि त्यांच्या खर्चात जो घटक सर्वांत कमी प्रतिकार करतो तो कच्चा माल, म्हणजे द्राक्ष. २००८ ची पुनरावृत्ती व्हायला या वेळी मंदीचीही गरज लागणार नाही.

म्हणून नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी काही काम हाती घेण्यासारखे आहे. वाइनच्या द्राक्षाचे करार बागाईतदारांकडून मागवून वाचावेत. त्यांत माल नाकारल्यास भरपाईचे कलम आहे की नाही, एवढे एक पाहिले तरी पुष्कळ कळेल. कराचा परतावा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीचे करार शासनाकडे नोंदविलेले असावेत, चौदा दिवसांत पैसे न देणाऱ्याचा परतावा रोखावा, आणि गोडीची डिग्री मोजणारा माणूस कंपनीचा नसून मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या सार्वजनिक संस्थेने प्रमाणित केलेला असावा, या मागण्या कोणत्याही क्रांतीची वाट न पाहता मांडता येतात. विंचूरच्या पार्कातील बंद पडलेल्या टाक्या बागाईतदारांच्या संस्थांना चालवायला द्याव्यात, ही त्यापुढची मागणी. आणि पेठ-सुरगाण्याच्या ग्रामसभांनी मोहाचा ठराव केला, तर द्राक्षाला मिळते तीच करमाफी मोहालाही मिळावी, असे निवेदन त्याच टपालाने, त्याच खात्याला पाठवावे.